अंतराळातली शस्त्रबंदी आणि पुढे पाठवलेला एक मेसेज

या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. मजकूर थोडक्यात असा : 1967 च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानं अंतराळात शस्त्रांना बंदी आहेच, नवे नियम कशाला, भारताच्या ‘मिशन शक्ती’चा, म्हणजे 2019 मधल्या उपग्रह फोडण्याच्या चाचणीचा, सगळा कचरा 45 दिवसांत जळून गेला, अंतराळातल्या युद्धात माणसं मरत नाहीत, आणि उपग्रह फोडण्याच्या चाचण्यांवर बंदी म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करारासारखाच आपल्याला अडकवायचा डाव. खाली तिरंगा आणि ‘पुढे पाठवा’. यातला एकच मुद्दा खरोखर विचार करण्याजोगा आहे, तो शेवटी घेतो.

आधी करार. तो आहे, भारतही त्यात आहे. पण मेसेज लिहिणाऱ्यानं चौथं कलम वाचलेलं दिसत नाही. कक्षेत अण्वस्त्रं किंवा सामूहिक संहाराची इतर शस्त्रं ठेवायची नाहीत, चंद्रावर आणि इतर ग्रहगोलांवर लष्करी तळ किंवा शस्त्रचाचण्या करायच्या नाहीत, एवढंच त्यात आहे. साधी तोफ ठेवली तर? कलम गप्प. सोव्हिएत संघानं सल्यूत-3 या अंतराळ स्थानकावर तोफ बसवली होती आणि 1975 मध्ये ती चालवूनही पाहिली. पृथ्वीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडला तर? त्यावरही एक अक्षर नाही. अमेरिकेनं 1985 आणि 2008 मध्ये, चीननं 2007 मध्ये, भारतानं 2019 मध्ये आणि रशियानं 2021 मध्ये आपापले उपग्रह फोडले ते या फटीतूनच. आपण कुठलाही आंतरराष्ट्रीय कायदा मोडला नाही, असं परराष्ट्र मंत्रालयानं 2019 मध्ये सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मेसेज म्हणतो तशी सरसकट बंदी असती, तर आपली चाचणीच बेकायदा ठरली असती. ही फट बुजवायचा विषय संयुक्त राष्ट्रांत 1981 पासून आहे. जिनिव्हात त्यासाठी 1985 ते 1994 समितीही बसली, करार मात्र झाला नाही.

आता 45 दिवस. चाचणीसाठी साधारण 280 किलोमीटरची खालची कक्षा मुद्दाम निवडली होती, आणि ते शहाणपणाचंच होतं. चीननं 865 किलोमीटरवर उपग्रह फोडला, त्याचे रडारवर दिसणारे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले आणि त्यातले बरेच आजही फिरतायत. पण धडक बसली की काही तुकडे वर फेकले जातात, ते सावकाश खाली येतात. आपले काही तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्याही वर गेल्याचं नासानं आठवड्याभरातच सांगितलं होतं. वर्ष उलटल्यावरही काही कक्षेत होते. 45 दिवस हा आधी बांधलेला अंदाज होता, घडलं तसं नाही.

‘माणसं मरत नाहीत’ हे तर 15 नोव्हेंबर 2021 ला अंतराळ स्थानकावर असलेल्या सात जणांना सांगावं. रशियानं आपला जुना कॉसमॉस-1408 उपग्रह फोडला, मागोवा घेता येतील असे दीड हजारांवर तुकडे झाले, आणि त्या सातही जणांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यात भारतीय वंशाचे राजा चारी होते. आणि दोघे खुद्द रशियाचेच! सेकंदाला दहा किलोमीटर वेगानं आलेली एक सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची गोळी, ताशी चाळीसच्या वर वेगानं येणाऱ्या हजार किलोच्या गाडीइतक्या ऊर्जेनं आदळते. आपल्या ज्या ओशनसॅट उपग्रहाच्या माहितीवरून कोकणातल्या मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल याचा अंदाज दिला जातो, तोही 720 किलोमीटरच्या आसपास, याच गर्दीतून फिरतो.

राहिला डावाचा मुद्दा. ही शंका हवेतली नाही. प्रसारबंदी करारानं 1 जानेवारी 1967 ही तारीख धरली; त्याआधी अणुस्फोट केलेले पाच देशच अण्वस्त्रधारी म्हणून मान्य, बाकी कायमचे त्या यादीबाहेर. आपला स्फोट 1974 चा. तसंच पुन्हा होईल, बंदी आधी येईल आणि आपण चाचणी न केलेल्यांच्या रांगेत अडकू, ही भीती 2019 पूर्वी रास्तच होती.

पण 2019 नंतर? आपण चाचणी केलेल्या चौघांपैकी एक आहोत. आज बंदी आली तर दार आपल्या मागे बंद होतं, तोंडावर नाही. मोठ्या देशांचा दुटप्पीपणा आहेच. रशिया आणि चीनच्या 2008 च्या मसुद्यात अंतराळात शस्त्रं ठेवायला बंदी आहे, पण चीननं वर्षभर आधीच वापरलेली, जमिनीवरून सोडायची क्षेपणास्त्रं तयार करायला आणि तपासायला नाही. अमेरिकेचा 2022 चा ठराव अशा क्षेपणास्त्रांच्या विध्वंसक चाचण्या थांबवा म्हणतो. ती बाळगायला, किंवा कक्षेतच दुसऱ्या उपग्रहाला जाऊन गाठणाऱ्या यानांना त्याची आडकाठी नाही. जे स्वतःला नको, तेवढंच दुसऱ्यानं सोडावं, असा सगळा मामला.

तो ठराव डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 155 विरुद्ध 9 मतांनी मंजूर झाला. रशिया आणि चीन विरोधात, भारत तटस्थ. बंधनकारक करार हवा, नुसते ठराव नकोत, ही आपली जुनी भूमिका आहे आणि ती चुकीची नाही. पण दुसरी चाचणी करून आपल्याला सिद्ध काय करायचंय, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.