सिकलसेलचं लेकरू वर्गात असेल तर

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरतात तेव्हा आपल्याकडे थंडी पडायला लागलेली असते. त्याच दिवसांत चौथी-पाचवीतलं एखादं लेकरू गुडघा धरून बाकावर डोकं टेकवतं. विचारलं तर म्हणतं, "हातपाय दुखून राह्यले सर." घटकाभरापूर्वी तेच लेकरू मैदानात पळत होतं, म्हणून बहाणा वाटतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ किंवा मेळघाटात शाळेवर असाल तर बहाणा समजण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या लेकराची सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का, आणि तिचा पक्का रिपोर्ट कुठे आहे?

पक्का हा शब्द मुद्दाम वापरला. शाळेतल्या शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी तपासणी होते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन नळीत टाकतात. नळीमागच्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण या तपासणीतून लेकरू एएस म्हणजे नुसतं वाहक आहे की एसएस म्हणजे रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करावीच लागते. गाडी नेमकी इथे अडते. शिबिर होतं, घरी 'सिकल निघाला' एवढाच निरोप जातो आणि पुढची तपासणी राहून जाते. मग एएसवालं धडधाकट लेकरू घरच्यांच्या लेखी कायमचं आजारी ठरतं आणि एसएसवालं औषधाविना वाढतं. २०२३ च्या १ जुलैला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण दुसऱ्या तपासणीचा कागद शाळेच्या फाइलीत येईपर्यंत मुख्याध्यापकांनी आशाताईंच्या मागे लागलंच पाहिजे.

एएस लेकराला शाळेत वेगळं काही करावं लागत नाही. त्याला खेळू द्या, पळू द्या. पुढचं सगळं एसएस लेकरासाठी आहे.

पहिली गोष्ट पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. दहा-बारा वर्षांच्या लेकराच्या पोटात दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी जायला हवं. म्हणजे शाळेच्या वेळेत एक लिटरची बाटली संपलीच पाहिजे. बाटली दप्तरात नको, बाकावर हवी, आणि तास चालू असताना प्यायची मुभा हवी. या मुलांचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे त्यांना वारंवार जावं लागतं. 'आत्ताच तर जाऊन आला' म्हणून अडवलं की लेकरू पाणी पिणंच सोडतं. मुलींचं तर फारच वाईट होतं. संडास-मुतारीला कुलूप, किल्ली ऑफिसात आणि ऑफिसात सर बसलेले. अशा शाळेत मुलगी सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाही. ती किल्ली एखाद्या मॅडमकडे किंवा खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडे असली, तरी पुष्कळ फरक पडतो.

मग थंडी आणि ऊन. २६ जानेवारीला सकाळी सातला पातळ गणवेशात प्रभातफेरी निघते. एसएस लेकराला त्या दिवशी स्वेटर हवा, मग तो कोणत्याही रंगाचा असो. मार्च-एप्रिलच्या उन्हात परिपाठाला उभं ठेवणं, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, नदी-विहिरीच्या गार पाण्यात पोहायला पाठवणं, यातलं काहीही चालणार नाही. खेळ मात्र बंद करू नका. दम लागला की त्याला आपल्या मनाने थांबता आलं पाहिजे, एवढंच पाहायचं. कबड्डीतून कायमचं बाहेर बसवलेलं लेकरू फार हिरमुसतं.

आता गोळ्यांचं बोलू, कारण चूक होते ती बहुतेक इथेच. आठवड्याची लोहाची गोळी सगळ्यांना सरसकट दिली जाते. पहिली ते पाचवीला गुलाबी, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह. सहावीच्या पुढे निळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम. नुसती रक्त कमी असलेल्या लेकरांसाठी ती मोलाची आहे. खिचडी खाल्ल्यावर, गुरुजींच्या समोर, पाण्यासोबत द्यावी. उपाशीपोटी दिली की मळमळतं, आणि मग गावात बोभाटा होतो. पण एसएस लेकराचं हिमोग्लोबिन कमी दिसतं त्याचं कारण वेगळं. साधी रक्तपेशी १२० दिवस टिकते, त्याची दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं. वारंवार रक्त चढवलेल्या लेकराच्या अंगात तर लोह साचत जातं आणि यकृत-हृदयाला बाधतं. त्याला गुलाबी किंवा निळी गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देऊ नका आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद करा. त्याला रोज लागते ती नुसत्या फोलिक ॲसिडची गोळी. जंताची चावून खायची गोळी, म्हणजे ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल, त्यालाही द्यायची. फक्त त्या दिवशी ताप किंवा दुखणं असेल तर थांबायचं.

हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेलच्या कळा कमी करणारं औषध, चालू असेल तर ती गोळी घरीच घेतली जाते. दुखणं थांबलं की आईबापांना वाटतं बरं झालं, आणि गोळी बंद होते. दोन-तीन महिन्यांत पुन्हा कळा सुरू. त्यासोबत ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, म्हणून लेकराला महिन्यातला एक दिवस दवाखान्यात जावं लागेल. ती गैरहजेरी कामचुकारपणात धरू नका.

वर्गात दुखायला लागलं तर काय करायचं? आडवं झोपवा, पांघरूण द्या, पाणी पाजा, दुखतं तिथे गरम कापडाने शेका. बर्फ अजिबात नको. आईबापांनी आधी लिहून दिलेलं असेल तर पॅरासिटामॉल द्या. वीस किलोच्या लेकराला ५०० ची अर्धी गोळी, पुढची सहा तासांनी. गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे पाठवू नका.

आणि काही खुणा अशा आहेत की तिथे वाट पाहायचीच नाही, सरळ १०८ ला फोन. ताप १०१ च्या वर गेला, मग तो गोळीने उतरला तरीही, कारण या मुलांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयव, निकामी होत जाते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. छातीत दुखून दम लागला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं. अचानक पांढरंफटक पडून पोटाची डावी बाजू फुगली. डोळे नेहमीच थोडे पिवळे असतात, पण एकदम जास्त पिवळे झाले तर कावीळ उतरवायला कुणाकडे नेण्यात दिवस घालवू नका. दवाखान्यातच न्या.

कांजिण्या, गालगुंड, खरूज यांचे नियम वेगळे, कारण ते आजार पसरतात. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरी. खरजेचं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावलं की दुसऱ्या दिवशी शाळेत यायला हरकत नाही, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. सिकलसेल पसरत नाही. तो आईबाप दोघांकडून येतो. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस बाळ होण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे वेगळं ताट किंवा वेगळा बाक कुठल्याही शाळेत दिसता कामा नये. नाव फळ्यावर नको, पालकसभेत नको. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, एवढ्यांनाच माहीत असावं. मुलगी असेल तर गावात नाव फुटण्याचा त्रास तिच्या लग्नापर्यंत पुरतो.

कागदांचं काम सातवी-आठवीतच उरका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. पण त्यासाठी प्रमाणपत्र हाती लागतं, आणि परीक्षा तोंडावर आल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या चकरा मारून ते मिळत नाही. दुसरी मोठी गळती शाळा बदलताना होते. जिल्हा परिषदेची शाळा संपवून लेकरू हायस्कुलात किंवा आश्रमशाळेत जातं, टीसी सोबत जाते, आजाराचा कागद जुन्या कपाटात राहतो. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात पीटीचे सर त्याला पळवतात. टीसीसोबत एक बंद पाकीट पालकांच्या हाती द्या. त्यात रिपोर्ट, चालू औषधं आणि नेहमीच्या दवाखान्याचं नाव असू द्या.

हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावात बसतं. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून टाका. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप वावरात असतात आणि फोन लागत नाही, म्हणून शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा दुसरा नंबर रजिस्टरमध्ये लिहा. आणि दोनशिक्षकी शाळेत लेकरासोबत १०८ मध्ये कोण बसणार, मागे वर्ग कोण सांभाळणार, ही दोन नावं त्याच पानावर आजच लिहून ठेवा.