सोडून द्या हो, वीस रुपयांसाठी कोण भांडतं!

गुणी ग्राहक व्हायचं असेल तर पहिली गोष्ट, बिल वाचायचं नाही. बिल घडी घालून पाकिटात ठेवायचं आणि पुढच्या दिवाळीला पाकीट साफ करताना फेकून द्यायचं, बस. काही माणसं काउंटरवर उभं राहून बोट फिरवत फिरवत एकेक ओळ वाचतात, त्यांच्या मागच्या लाइनकडे बघा कधी, लोक चुळबुळायला लागतात, कुणीतरी घड्याळ बघतं, कुणीतरी हळूच 'च्' करतं, आणि त्या 'च्' ला घाबरूनच आपली निम्मी बाजारपेठ चालते असं माझं प्रामाणिक मत आहे.

कारण बघा ना, आपल्याकडे ज्यादा पैसे घ्यायचे असले की रक्कम अशी ठरवतात की भांडायची लाज वाटली पाहिजे. हजार रुपये उकळले तर माणूस पोलीस चौकीत जाईल. दोन रुपये उकळले तर तो स्वतःलाच समजावतो, जाऊ दे, गरीब आहे बिचारा. (दुकानदाराची वर तीन मजली इमारत असते, पण ते असो.)

दुधाच्या पिशवीवर किंमत छापलेली असते, ती छापायची पद्धत आहे म्हणून. वर २ रुपये फ्रीजच्या लाइटबिलाचे. आता दूध फ्रीजमध्ये नाही ठेवायचं तर काय माळ्यावर ठेवायचं, असले प्रश्न विचारायचे नाहीत. कोल्ड्रिंकचं तेच, थंड पाहिजे तर २ रुपये जास्त, म्हणजे कोल्ड्रिंक मुळात कोमटच प्यायचं असतं आणि थंड करून दिलं तर शेठचे उपकार. छापील किमतीत सगळे कर आलेच, त्याच्यावर एक पैसा घेता येत नाही असं २०११ चे पॅकबंद मालाचे नियम सांगतात, पण नियम सांगायला तुम्ही कोण, तुम्ही तर दूध घ्यायला आलात.

पाण्याच्या बाटलीचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वेनं रेल नीरची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांवर आणली, केवढी बातमी झाली त्याची! आता गाडी दोन मिनिटं थांबणार, बाटली खिडकीच्या गजातून आत आलेली, तुमची २० ची नोट बाहेर गेलेली, आणि तुम्हाला ६ रुपये परत पाहिजेत? तो देतो म्हणतो. खिसे चाचपडतो, वरचा, खालचा, मग मागचा, अगदी मन लावून चाचपडतो, गाडी हलते तसा तोही चार पावलं सोबत चालतो, आणि मग प्लॅटफॉर्म संपतो. ह्यात कुणाची चूक आहे सांगा. प्लॅटफॉर्मच लहान बांधलाय.

दुकानातल्या पाट्यांवर मात्र श्रद्धा ठेवावी. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात स्पष्ट आहे की माल खराब निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. पण कायदा दिल्लीत झाला आणि पाटी इथे समोर आहे, शिवाय लॅमिनेशन केलेली. कोणाचं ऐकणार?

आता हॉटेल. इथे गुणी ग्राहकाची खरी परीक्षा असते म्हणून जरा सविस्तर सांगतो. बिलाच्या तळाशी १० टक्के सर्व्हिस चार्ज असतो. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगून टाकलं की हॉटेलनं हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, द्यायचा की नाही ही ग्राहकाची मर्जी. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच सांगितलं. म्हणजे प्राधिकरण तुमच्या बाजूला, कोर्ट तुमच्या बाजूला, फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तुमचे साडू बसलेत. ह्याच साडूंनी मागच्या वेळी बिल दिलं होतं, न वाचता, कार्ड असं दोन बोटांत धरून. आणि आज तुम्ही म्हणणार, अहो हे १८० रुपये काढा? वेटर "मॅनेजरला विचारतो सर" म्हणून जो जाईल तो दहा मिनिटं येणार नाही, मग मॅनेजर टाय सरळ करत येणार आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल एवढ्या अदबीनं "सर काही प्रॉब्लेम आहे का सर्व्हिसमध्ये" विचारणार, बायको टेबलाखालून पाय मारणार, पोरगी मोबाइलमधून डोकं वर न काढता "बाबा प्लीज" म्हणणार, आणि साडू म्हणणार, "असू द्या हो, मी देतो." संपलं! पुढची पाच वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात हा किस्सा. त्यापेक्षा १८० रुपये स्वस्त आहेत. हॉटेलवाल्याला हे तुमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

कुसंगतीपासूनही सांभाळा. मथुरेला एक वकील आहेत. १९९९ साली त्यांनी मुरादाबादची दोन तिकिटं काढली, ३५ ला एक, म्हणजे ७० झाले. खिडकीवरच्या क्लार्कनं ९० घेतले आणि २० परत देईना. आपण काय केलं असतं, मनातल्या मनात दोन शिव्या घालून गाडी पकडली असती, सीटवर बसून शेजाऱ्याला देश कसा बिघडलाय ते सांगितलं असतं आणि कल्याण यायच्या आत विसरलो असतो. हे गृहस्थ ग्राहक मंचात गेले. तारखांवर तारखा, शंभराच्या वर तारखा पडल्या, बावीस वर्षं गेली, तेवढ्या काळात पोरगं जन्माला येऊन इंजिनिअर होऊन बेरोजगारही होतं. घरच्यांनी सांगितलं असणारच, अहो सोडा. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला, २० रुपये, त्यावर १२ टक्के व्याज आणि वर १५ हजार भरपाई. आता मला सांगा, हा माणूस पोराबाळांना आदर्श म्हणून दाखवायचा का?

दुसरं उदाहरण चंदीगडचं. बुटांच्या दुकानात कागदी पिशवीचे ३ रुपये लावले, पिशवीवर नाव कंपनीचं, म्हणजे जाहिरात त्यांची, हमाली आपली आणि वर पैसेही आपलेच. गिऱ्हाईक मंचात गेलं आणि २०१९ मध्ये कंपनीला सगळं मिळून ९ हजारांचा दणका बसला. असली माणसं चारच असतात पण वातावरण बिघडवतात. आपल्याकडे तर हा उद्योग जुना, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत काढली, मग १९७५ ला मुंबई ग्राहक पंचायत, मग १९८६ ला कायदाच आला आणि २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन ठरला. त्या दिवशी गुणी ग्राहकानं ऑनलाइन सेल बघावा.

थकला असाल तर चला, सिनेमाला जाऊ. सोबत खायला काही घेऊ नका. जुलै २०१८ मध्ये आपल्या सरकारनं विधान परिषदेत सांगितलं होतं की १ ऑगस्टपासून मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेता येईल, काही भोळ्या लोकांनी डबे घासूनसुद्धा ठेवले. मग हायकोर्टात सरकारनंच सुरक्षेचं कारण पुढे केलं, म्हणजे थालीपीठ आणि लसणाची चटणी देशाच्या सुरक्षेला धोका. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं विषय मिटवला, थिएटर खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं अडवायचा मालकाला हक्क आहे, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्या. ते फुकट पाणी कुठे ठेवलंय हे शोधायला एक इंटरव्हल पुरत नाही, पण व्यायाम होतो.

आणि पॉपकॉर्न! डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिल बसली आणि पॉपकॉर्नचा उलगडा झाला, तेव्हाच्या दरानं सुटे खारे असतील तर ५ टक्के, पाकीटबंद लेबलवाले १२, आणि कॅरामल लावलं की १८, कारण साखर लागली की ती मिठाई. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता, काय ते मीम, काय ते रील, सगळे एकदम अर्थतज्ज्ञ. पण गंमत बघा, बादली ४०० ची, मक्याचे दाणे मूठभर, आणि आपण भांडलो कशावरून तर कर ५ की १८. चारशे का, असं फारसं कुणी विचारलं नाही. ही प्रगती आहे. असंच चालू ठेवा.

सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हाही आपण टाळ्या वाजवल्या. शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये शंभर रुपयांचं तिकीट मागून बघा, खिडकीवरच्या पोरीची तेवढीच करमणूक. तिकिटावरच्या वेळेला जायची तर अजिबात घाई नको. बेंगळुरूचा एक पोरगा वेळेवर गेला, २५ मिनिटं जाहिराती बघत बसला आणि चिडून ग्राहक आयोगात गेला, आयोगानं थिएटरवाल्यांना दंड लावला, मग हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. आता बसा पुन्हा जाहिराती बघत.

मराठी सिनेमा बघायचाय? मग आधी नोकरी सोडा. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमा प्राइम टाइममध्ये दाखवायला लावणार अशी गर्जना झाली होती, पुढे प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असा तोडगा निघाला. म्हणजे भर दुपारी साडेबारा, बाहेर उन्हाचा भडका, तो प्राइम टाइम. एवढं करूनही प्रेक्षक येत नाही म्हटल्यावर बिचारे थिएटरवाले तरी काय करणार, दुसऱ्या आठवड्यात शो काढतात, आणि मराठी माणूस मराठी सिनेमाला येत नाही ह्याच्यावर चॅनलवाले चर्चा ठेवतात, रात्री ९ वाजता, खऱ्या प्राइम टाइमला.

घरी बसून बघतो म्हणता? बसा की. फेब्रुवारी २०१९ ला ट्रायनं, म्हणजे टीव्ही-मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, चॅनल निवडायचं स्वातंत्र्य दिलं, जे बघाल त्याचेच पैसे. आणि काहीच बघायच्या आधी पहिल्या १०० चॅनलच्या जोडणीचे तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी लागायचे. स्वातंत्र्याला किंमत मोजावीच लागते. ओटीटीवर तर आणखी सोय, आधी जाहिराती नकोत म्हणून वर्षाचे पैसे भरायचे, मग जाहिराती सुरू होतात, मग त्या काढायचे वेगळे पैसे. रिचार्जचं गणित पोरांकडून करून घ्या, महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाचे १३ महिने, आपल्या पंचांगात अधिक मास तीनेक वर्षांनी येतो, मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात दरवर्षी. २०२२ मध्ये ट्रायला लेखी सांगावं लागलं की बाबांनो निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा. ठेवला असणार त्यांनी, ॲपमध्ये खाली खाली जा, अजून खाली, बोट दुखायला लागलं की थांबा आणि २८ वाला मारून मोकळे व्हा.

इतकं सगळं सहन करून राग तर येणारच, तो बाहेर पडायलाही जागा पाहिजे. त्यासाठी कोपऱ्यावर भाजीवाली आहे. चारशेचे पॉपकॉर्न पोटात घेऊन येताना तिच्याशी कोथिंबिरीच्या ५ रुपयांवरून तोंड सोडून भांडावं, तिथे मागे लाइन नसते, टायवाला मॅनेजर येत नाही आणि साडूही नसतात. कांदा ६० वर गेला की लगेच सरकार बदलायच्या गोष्टी कराव्यात. तोच कांदा लासलगावला मातीमोल गेला आणि शेतकऱ्यानं रस्त्यावर ओतला की मात्र चॅनल बदलावं, तिकडे 'सर्वात मोठी बातमी' चालू असते, दर चार मिनिटांनी नवीन, आठ चौकोनांत आठ माणसं एकाच वेळी ओरडत असतात आणि नवव्या चौकोनात सूत्रसंचालक त्यांना "शांत राहा" असं सगळ्यात मोठ्यानं सांगत असतो.

एवढं करूनही कधी चुकून तक्रार करावीशी वाटलीच तर १९१५ वर करू नका, ती सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथून कंपनीकडे खरंच विचारणा जायची भीती असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील लागत नाही, आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, हेही कुणाला सांगत बसू नका. तुम्ही आपले कंपनीच्याच कस्टमर केअरला फोन लावा. मराठीसाठी ३ दाबा. मग "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे" आणि ती सनई की सिंथेसायझर काय असतं ते ऐका, पोळ्या लाटून होतात तेवढ्या वेळात, स्पीकरवर ठेवून. मग एक मुलगा हिंदीत विचारतो, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ. ३ दाबलेलं असतं आपण, पण त्याला तरी काय बोलणार, तो बिचारा इंदूरला बसलेला असतो. तो तक्रार क्रमांक देतो, चौदा आकडी, लिहून घ्यायला पेन सापडेपर्यंत फोन कट.

आणि लगेच मेसेज येतो, आमची सेवा कशी वाटली? इथे पाचच स्टार द्यायचे. मी एकदा चार दिले होते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बाईंचा फोन आला, त्यांच्याकडून, स्वतःहून, म्युझिक नाही, होल्ड नाही, आणि काय अस्खलित मराठीत विचारलं त्यांनी, "सर, एक स्टार का कापलात?"