कानशिलं ठणकतात, पण खोक्यावर दिवेच दिवे

पाच वर्षांत हा तिसरा हेडफोन, आणि परत तेच. गेम खेळायला बसलं की पाऊण तासात चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात, कानशिलं ठणकायला लागतात. खोक्यावर मात्र रंगीत दिवे, '७.१ सराउंड', '२० ते २०,००० हर्ट्झ'. अरे, माणसाचा कानच तेवढं ऐकतो, त्यात मिरवण्यासारखं काय आहे! आणि ते सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज म्हणाल, तर बहुतेकांत एका कानाला एकच स्पीकर असतो, बाकी सगळं सॉफ्टवेअरचं काम. साधा चांगला स्टिरिओ असला तरी गेममधली पावलं डावीकडून आली की उजवीकडून, ते नीट कळतं. माझ्याकडच्यात बेस इतका फुगवलाय की स्फोट दणदणतात आणि पावलं त्याखाली गडप.

वजन किती ग्रॅम, पकड किती घट्ट, कानावरच्या गाद्या बदलून मिळतात का, हे शोधून सापडत नाही. आणि त्या खोट्या चामड्याच्या गाद्या! मुंबईच्या दमट हवेत वर्षभरात त्यांचे पापुद्रे सुटले. गालावर काळे कण, उशीवर काळे कण. कापडी गाद्यांचा दाखवा म्हटलं तर दुकानदार म्हणतो, 'ब्लूटूथवाला घ्या ना.' अहो, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, आणि त्याचाच माइक चालू केला की सगळं फोनवरच्यासारखं चपटं ऐकू येतं.

डोक्याला लावून बघू म्हटलं, तर 'सील तुटेल'. अडीच हजार मोजायचे आणि पाच मिनिटं कानाला लावून बघायचं नाही? चप्पलसुद्धा पायात घालून, चार पावलं चालून घेतो ना आपण!