गोटी दाराकडेच का येते?

काल रात्रीही तेच, बाल्कनीतलं पावसाचं पाणी हॉलमध्ये. साडेतीनला पश्चिमेकडून झड आली आणि पावणेचारला मी हॉलमध्ये उकिडवी बसून जुन्या चादरीने फरशी पुसत होते. सातव्या मजल्यावर! ठाण्यात पाणी तुंबतं म्हणून सासूबाईंनी हट्टाने वरचा मजला घ्यायला लावला होता. आता त्या पलंगावर पाय वर घेऊन बसतात आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

परवा डोकं फिरलं. मुलाच्या डब्यातली एक गोटी घेतली आणि बाल्कनीच्या कठड्यापाशी फरशीवर सोडली. जागच्या जागी थांबली असती तरी मी गप्प बसले असते. पण ती आधी जरा घुटमळली, मग वेग घेत थेट हॉलच्या दाराकडे आली आणि सरकत्या दाराच्या रुळात टक्कन पडली. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. म्हणजे बाल्कनीचा ढाळ घराच्या आत! पाच फूट रुंदीच्या बाल्कनीला शंभरास एक असा ढाळ धरला तरी बाहेरच्या बाजूला जेमतेम अर्धा-पाऊण इंच उतार लागतो हो. एवढासा. तेवढाही ज्याला जमला नाही, त्याने वीस मजले चढवले.

आणि उंबरठा? उंबरठा नाहीच. हॉल आणि बाल्कनी एका पातळीत, कारण ब्रोशरमध्ये ते 'प्रशस्त' दिसतं. माझ्या आजीच्या कोकणातल्या घराची पडवी ओटीपेक्षा चांगली पायरीभर खाली होती, वर मिरगाआधी बाहेरून झापं बांधायचे. इथे दीड कोटीच्या फ्लॅटला दोन इंचांची पायरी द्यायला जीव जातो यांचा. पाणी जायला कोपऱ्यात एकच बारकं भोक. त्यावर कबुतराचं एक पीस बसलं की संपलं, बाल्कनीचा हौद.

गेल्या वर्षी तक्रार केल्यावर बिल्डरचा माणूस आला. हातात सिलिकॉनची नळी. दाराच्या रुळाला बाहेरच्या अंगाला बारीक खाचा असतात, रुळात साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. या महाभागाने नेमक्या त्याच खाचा बुजवल्या! वर मला सांगतो, "मॅडम, सगळी भोकं बंद केलीत, आता थेंब येणार नाही." मग काय, रूळ काठोकाठ भरतो आणि आत सांडतो. तो सिलिकॉन नंतर मी पेपर कटरने तासभर कोरत बसले होते, निम्माच निघाला.

या वर्षी साइट इंजिनिअर स्वतः आले. म्हणे यंदा पाऊसच जास्त आहे. अहो, जूनला पाऊस येणार हे तुम्हाला कोणी कळवलं नव्हतं का? मग तोडगा सांगितला: आहे त्या टाइल्सवर दुसऱ्या टाइल्स बसवू, ढाळ काढून देतो. मी विचारलं, मग कठडा? कठड्याची उंची मोजायची ती तयार फरशीपासून. आत्ताच तो माझ्या बरगडीच्या खाली येतो. अजून दोन-तीन इंच फरशी वर आली की सहा वर्षांचं पोर आणि सात मजले यांच्यात काय उरतं? त्यात कठड्याला आडवे पाइप, म्हणजे पोरांना शिडीच. उभे गज, चार बोटांच्या फटीचे, दिले असते तर काय बिघडलं असतं? आणि बाल्कनी बाहेर लोंबकळणारी. तिच्यावर मसाल्याचा आणि टाइल्सचा आणखी एक थर चढवायचा तर वजनाचा हिशोब कोणी केलाय का, हे विचारल्यावर साहेब मोबाइल बघायला लागले.

जुन्या टाइल्स उखडा, खाली वॉटरप्रूफिंग नव्याने करा, भिंत आणि फरशीच्या सांध्यात सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, नीट मारा, बांध घालून एक-दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. गवंडीकाम करणाऱ्या कुठल्याही मुकादमाला हे तोंडपाठ असतं. पण त्याला आठवडा लागतो आणि पैसे लागतात. सिलिकॉनची नळी स्वस्त.

खालच्या काकांचं वेगळंच. त्यांच्या बाल्कनीच्या छतावर तांबूस डाग उमटलाय, म्हणजे पाणी सळईपर्यंत पोचलं. ते मला जिन्यात गाठून म्हणतात, "तुमच्या कुंड्या हलवा." दोन तुळशी आहेत हो माझ्या! कमिटी म्हणते हा तुमचा दोघांचा अंतर्गत मामला, आपसात मिटवा. आणि बिल्डर म्हणतो सोसायटीमार्फत या.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्यात स्वच्छ लिहिलंय: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने 30 दिवसांत, फुकट, दुरुस्त करून द्यायचा. आमचं आत्ता तिसरं वर्ष चालू आहे. ईमेलला उत्तर येतं, "आपली तक्रार नोंदवली आहे." अशा अकरा नोंदी झाल्यात माझ्या. बारावा ईमेल आज पाठवला, गोटीच्या व्हिडिओसकट.

गोटी अजून रुळातच आहे. निम्मी पाण्यात.