एका छपराखाली दोन वह्या नकोत

"आपल्याकडे नोंदी ठेवायची अक्कलच नव्हती. युरोपात साध्या कुळवाड्याचे चारशे वर्षांचे पूर्वज एका क्लिकवर सापडतात, आणि इथे पणजोबांची जात शोधायला तहसीलमध्ये चपला झिजवा." आमच्या भावकीच्या ग्रुपवर दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, हे लिहिलं आणि खाली भराभर अंगठे उमटले. मी डेन्मार्कमध्ये, ऑर्हूसच्या बसमध्ये होते. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि माझा स्टॉप मागे गेला.

दादाचा वैताग कळतो. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत एकच शोध चालू आहे: १९६७ पूर्वीच्या कुठल्या तरी कागदावर आपल्या माणसापुढे 'कुणबी' लिहिलेलं आहे का. मोडी वाचणारा माणूस, ज्याला काल कुणी चहा विचारत नव्हतं, त्याच्या दारात रांग. आमचं गाव नगर जिल्ह्यात आहे (नवं नाव अजून माझ्या तोंडात बसलेलं नाही, इथे कुणी ते माझ्यापुढे उच्चारतही नाही).

तरीही ते वाक्य सलत राहिलं. त्याचं एक कारण असं की ते चुकीचं आहे. दुसरं असं की ते माझंच आहे. दोन वर्षांपूर्वी गौरीच्या जेवणानंतर ओसरीवर बसून, पान लावता लावता, मीच हे सगळ्यांना ऐकवलं होतं. दादानं फक्त चारशे वर्षांचा आकडा लक्षात ठेवला.

मी सांगितलं होतं ते माझ्या सासऱ्यांचं. माझी मुलगी त्यांना फारफार म्हणते, म्हणजे डॅनिशमध्ये बापाचा बाप, आणि माझ्या आईला हे नाव फार फार आवडतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा हिवाळा एकाच कामात जातो. रीग्सआर्किवेटची, म्हणजे तिथल्या सरकारी दफ्तरखान्याची, साइट उघडायची, परगणा निवडायचा, सोन म्हणजे चर्चचा गाव-विभाग निवडायचा, आणि किर्केबोगची, चर्चच्या वहीची, पानं एकेक करत चाळायची. सगळं फुकट, घरबसल्या. चौथ्या ख्रिस्तियान राजाच्या काळात, १६४५-४६ मध्ये, पाद्र्यांना हुकूम झाला की बाप्तिस्मा, लग्न आणि पुरणं वहीत लिहा. दक्षिण युटलंडमधल्या योर्डकेर गावची वही तर १५७३ पासूनची. आपल्या हिशेबात शिवाजीमहाराजांच्या जन्माआधी सत्तावन्न वर्षं. ओसरीवर मी हे नेमकं याच शब्दांत सांगितलं होतं, म्हणजे परिणाम व्हावा म्हणून.

आणि मग दोन वह्यांची गोष्ट. १८१४ च्या सुमारास छापील रकान्यांच्या वह्या आल्या, तेव्हा नियम झाला की प्रत्येक नोंद दोनदा करायची. एक वही पाद्र्याची, दुसरी डेनची, म्हणजे देवळातल्या कारकून-मास्तराची. आणि या दोन वह्या रात्री कधीही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. पाद्र्याचं घर जळालं तरी गाव उरलं पाहिजे. काकांनी तेव्हा मांडी थोपटली होती. "याला म्हणतात डोकं." आमच्या गावचं कोतवाल बुक एकच होतं, आणि त्याची मधली दहाएक वर्षं वाळवीनं खाल्ली.

ओसरीवर मी जे सांगितलं नाही ते आता सांगते.

या वह्या प्रेमानं लिहिलेल्या नाहीत. १७३३ पासून १७८८ पर्यंत डेन्मार्कमध्ये स्टाव्हन्सबोन होता. कुळाच्या घरचा पुरुष जमीनदाराच्या परवानगीशिवाय आपली इस्टेट सोडून जाऊ शकत नव्हता. तो उठल्यावर सैन्यासाठी माणसं हवीत म्हणून लेग्सरूल आली: कुळाच्या घरी मुलगा जन्मला की त्याचं नाव फौजेच्या यादीत. फारफारांना त्यांचा एक पूर्वज गावोगाव हिंडताना या याद्यांतच सापडतो. त्याची उंचीसुद्धा. ते कौतुकानं दाखवतात, आणि मला मात्र गुरांच्या बाजारातली पावती आठवते. लग्नाबाहेर मूल झालं तर आईकडून बापाचं नाव वदवून घ्यायचे आणि तेही वहीत. देवी टोचल्या की नाही ते कन्फर्मेशनच्या, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये होणाऱ्या संस्काराच्या, रकान्यात. हे सरकार आणि हे देऊळ माणसाचा पिच्छा सोडत नव्हतं, म्हणून आज तो सापडतो. दादा, अक्कल कसली घेऊन बसलास, पाळत होती ती.

आणि वाचायला ते मोडीपेक्षा सोपं आहे असं कुणाला वाटत असेल तर माझ्याकडे पाठवा. गॉथिक हस्ताक्षर १८७५ पर्यंत शाळेत शिकवत होते, आता फारफारांच्या नातेवाइकांतही ते कुणाला येत नाही. तारखा तर तारखा नाहीतच. 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' असं लिहिलेलं असतं, मग तक्ता घेऊन बसा. मला याची गंमत वाटत नाही. माझी आजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मली, एवढंच आम्हाला माहीत आहे. शिवाय प्रत्येक गावात पाच-सात नील्स येन्सन. कारण येन्सचा मुलगा येन्सन, त्या मुलाचं नाव नील्स असेल तर त्याचा मुलगा नील्सन, अशी दर पिढीला आडनावाची उडी. १८२८ मध्ये सरकारनं सांगितलं की घराला एकच कायमचं आडनाव ठरवा, तर जे हाताशी होतं तेच गोठलं. म्हणून अर्धा देश आज येन्सन-नील्सन. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पाटलांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्याकडे नोंदी नव्हत्या? पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल बांधून पडलेले आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या खापरपणजोबांचं नाव मी स्वतः पाहिलं आहे, नाव आणि गाव सांगितल्यावर त्यांनी पाच मिनिटांत पान काढलं होतं. कसलं क्लिक नि कसलं काय. फारफारांना तर मी एकदा ऐकवलंच की तुमच्या डॅनिश कंपनीनं १६२० मध्ये तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला वखार घातली, पुढे तंजावरला भोसले आले, आणि तुमचे लोक आमच्या राजांना दरसाल पैसे मोजत होते, १८४५ मध्ये इंग्रजांना सगळं विकून जाईपर्यंतच्या मधल्या किती पिढ्या. तंजावरला मोडी कागदांचे ढीग अजून आहेत. ते खूश झाले आणि लगेच तरंगमबाडीच्या चर्चची वही शोधायला लागले. मी तंजावरला कधी गेलेले नाही. नगरहून तंजावरला आमचं कुणी गेलं असेल असंही नाही. पण परदेशात माणूस कुठल्याही मराठी राजाला 'आमचा' म्हणतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिणार होते. लिहिलं असतं तर अंगठे मलाही मिळाले असते.

पण एक गोष्ट मला खोडता येत नाही. फारफारांच्या वंशाच्या झाडावर बायका आहेत. सॅलिंगमधली कुणी शेतमजुराची बायको, सतराव्या शतकाच्या शेवटी मेलेली, तिचं नाव तिथे आहे, आणि लग्नानंतरही तेच नाव. येन्सची मुलगी ती येन्सडॅटर, कुणाचीही बायको झाली तरी येन्सडॅटर म्हणूनच पुरली. आमच्याकडे लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं गेलं. त्र्यंबकच्या वहीत पणजोबा आहेत, त्यांचे वडील आहेत, त्यांचे भाऊ आहेत. बाया 'भार्या' आहेत.

माझी मुलगी ऑर्हूसच्या दवाखान्यात जन्मली, तेव्हा आम्ही दोघंही फोल्केकिर्केचे, म्हणजे डॅनिश राष्ट्रीय चर्चचे, सभासद नव्हतो, आजही नाही. तरी जन्माची नोंद किर्केकोंटोरनंच, चर्चच्या कचेरीनंच, केली, आणि सहा महिन्यांच्या आत नाव कळवा म्हणून ईबॉक्समध्ये, म्हणजे सरकारी डिजिटल टपालपेटीत, पत्र. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बाटवली का गं?" मी हसले, समजावलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मलाही ते बरं वाटेना. ज्या देवळात मी नाताळलाच जाते, तेही सासूबाईंसाठी, त्याच्या वहीत आई म्हणून माझं नाव आहे, माझ्या आडनावासकट. गावच्या सातबाऱ्यावर ते कधीच नव्हतं. लग्नाआधी काकांनी हक्कसोडवर सही घेतली, मीही हसत हसत केली.

गेल्या रविवारी दादानं ग्रुपवर फोटो टाकला. सापडली! कोतवाल बुक, गाव नमुना १४, सन १९१३. पणजोबांचं नाव स्वच्छ, जात कुणबी. फटाक्यांची चित्रं, गुलाल, काकांचा व्हॉइस मेसेज, रडका आवाज. मीही अंगठा दिला, मनापासून. त्याच्या मुलाचा दाखला होईल आता.

संध्याकाळी रुगब्रॉड, इथला राईचा काळा पाव, कापता कापता मी तो फोटो फारफारांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, झाडाचा कागद पसरला, आमच्या बाजूच्या रिकाम्या चौकटींपाशी पेन्सिल नेली आणि विचारलं की ही कुणाच्या जन्माची नोंद आहे. मी रकाना वाचून दाखवला. बापाचं नाव, जात, गाव. अपत्याच्या जागी 'मुलगी'.

"हो, पण नाव?"

आजोबांना दोन बहिणी होत्या. आईला फोन केला, तिनं आत्याला केला. दोघींची सासरची नावं मिळाली. यातली १९१३ ची कोणती आणि माहेरी तिला काय म्हणत, हे सांगणारं आता कुणी नाही. फारफार थांबले होते. मग त्यांनी चौकटीत बारीक अक्षरात 'डॅटर' लिहिलं, आणि पुढे एक नाव मावेल एवढी जागा सोडली.