वीस गुंठे, वीस मालक आणि बंड्याचे पाच लाख

काल रात्री कट्ट्यावर परत तोच विषय. बंड्याने एफडी मोडलीये, हातात पाच लाख आहेत आणि साहेबांना आता रियल इस्टेटमध्ये उतरायचंय. सासवडच्या पुढं एक गुंठा, साडेचार लाख, 'एनए प्रपोज्ड' म्हणजे पुढं बिगरशेती होणार, विमानतळ झालं की डबल.

"प्रपोज्ड म्हणजे झालेलं नाही रे येड्या," मन्या म्हणाला. मन्या बँकेत होम लोनला बसतो, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या स्वप्नांवर पाणी टाकायची सवयच आहे.

सुहासचं म्हणणं जमीन सोड, फ्लॅट बुक कर, बँक देतेच की पैसे. मन्याने लगेच मोबाईल काढला. साठ लाखांचा टू बीएचके धर, बँक देणार 80 टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस, वरचे बारा तुझे. वर पुण्यात स्टँप ड्युटी 7 टक्के म्हणजे चार लाख वीस हजार, रजिस्ट्रेशन तीस हजार, ते बँक धरत नाही, म्हणजे तुझ्या पाच लाखातले साडेचार तर तिथंच गेले, बारा कुठनं आणणार? आणि साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरली तर हप्ता बेचाळीस हजारांच्या आसपास, भाडं येणार अठरा.

सुहास गप. एक कटिंग अजून सांगितला.

मग मी तोंड उघडलं, कारण हे दुखणं माझंच आहे. दीड वर्षापूर्वी मीपण असाच 'एक गुंठा' घेतला, घरी अजून सगळं सांगितलेलं नाही. मोबाईलवर सातबारा उघडून झूम करून बंड्याच्या हातात दिला. वीस गुंठे जिरायत, आणि खाली नावंच नावं, वीस नावं, त्यात माझं चौदावं, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून 'सामाईक क्षेत्र'. तुकडेबंदीमुळे जिरायत जमीन वीस गुंठ्यांच्या आत विकता येत नाही, म्हणून एजंट वीस जण गोळा करतो आणि एकच खरेदीखत करतो. पांढऱ्या फक्कीने आखलेला माझा कोपरा फक्त जागेवर आहे, कागदावर नाही, आणि फक्की तर पहिल्या पावसातच गेली. आता विकायला जावं तर घेणारा विचारतो वेगळा उतारा कुठाय, बँक कर्ज देत नाही, वाटप करायचं तर एकोणीस जणांच्या सह्या, त्यातला एक दुबईला आणि दोघांचं एकमेकांशी भांडण.

"पण जमीन कुठं पळून जात नाही ना," बंड्या.

"नाही जात, आणि तू पण तिथून जाऊ शकत नाहीस."

शिवाय बंड्या शेतकरीच नाही. शेतजमीन त्याच्या नावावर होणारच नाही, हे एजंटने त्याला सांगितलंच नव्हतं! माझं निदान आज्याच्या सातबाऱ्यामुळे जमलं.

मन्या म्हणे मग रीट घे, म्हणजे भाड्याच्या ऑफिस इमारती असलेल्या ट्रस्टमधला छोटा हिस्सा. येरवड्याचं कॉमरझोन ऑफिस पार्क माइंडस्पेसच्या रीटमध्ये आहे, शेअरसारखं एक युनिटपण घेता येतं, वाटपायोग्य रकमेतले 90 टक्के त्यांना वाटावेच लागतात, आणि विकायला कुणाची सही लागत नाही. बंड्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "तिथं कुंपण घालता येतं का? आईला नेऊन दाखवता येतं का?" हे मात्र मला पटलं. मीसुद्धा आईला दाखवायला म्हणूनच घेतला होता तो कोपरा.

तेवढ्यात एजंटचाच फोन. स्पीकरवर टाकायला लावला.

"दादा, दोनच प्लॉट राहिलेत."

मलापण तेव्हा दोनच सांगितले होते. मी खुणेने बंड्याला म्हटलं, गट नंबर विचार. नंबर मिळाला तर सातबारा सरकारच्या महाभूलेख साइटवर फुकट दिसतो, सहीचा हवा तर 15 रुपये.

"गट नंबर काय ओ?"

"अहो तुम्ही आधी टोकन टाका, एकवीस हजार, मग ऑफिसला सगळं दाखवतो."

बंड्याने फोन कट केला नाही. "उद्या सांगतो," म्हणाला, आणि चहाचे पैसे मन्याला द्यायला लावले.