मिनिस्टर चहाला येणार आहेत

स्कॉटलंडमधल्या एडिंबरातलं माझं पहिलंच वर्ष. शेजारच्या आजीबाईंनी फाटकाशी थांबवून सांगितलं, "गुरुवारी मिनिस्टर चहाला येणार आहेत, तूही ये." त्यांचे यजमान जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. म्हटलं, घराणं वजनदार दिसतंय. गुरुवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. रस्त्यावर पोलीस नाही, गाड्यांचा ताफा नाही. ओला रेनकोट खुंटीला अडकवून एक गृहस्थ स्वयंपाकघरात कप विसळत उभे होते. तेच मिनिस्टर. पलीकडच्या गल्लीतल्या चर्चचे, म्हणजे तिथले पाद्री.

रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कुठल्या खात्याचे?"

लॅटिनमध्ये 'मिनिस्टर' म्हणजे नोकर. मुळात 'मिनुस', म्हणजे कमी, उणा. त्याच्या उलट 'मॅजिस्टर', म्हणजे वरचढ. त्यातून मास्टर आला आणि मॅजिस्ट्रेटही. हा उणा माणूस पुढे दोन घरी चाकरीला लागला, एक राजाचं आणि एक देवाचं. राजाकडचा यथावकाश साहेब झाला. अमेरिकेत मंत्र्यांना सेक्रेटरी म्हणतात, त्यामुळे तिथे मिनिस्टर म्हटलं की आधी चर्चवालाच डोळ्यांपुढे येतो. मार्टिन ल्यूथर किंग बाप्टिस्ट मिनिस्टर होते. स्कॉटलंडमध्ये मात्र दोघं एकाच गावात नांदतात आणि माझ्यासारख्याची फजिती होते. २००७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झालेले गॉर्डन ब्राउन हे मिनिस्टरचे चिरंजीव. आपल्याकडे हे वाक्य ऐकून कुणीही घराणेशाही म्हणून नाक मुरडेल. वडील कर्कॉल्डीच्या चर्चमध्ये प्रवचनं देत, एवढंच.

याहून गंमत म्हणजे १९९९ मध्ये स्कॉटलंडची नवी संसद सुरू झाली तेव्हा तिला स्वतःचं घर नव्हतं. २००४ पर्यंत ती चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेच्या सभागृहातच भरत होती. जिथे चर्चचे मिनिस्टर वाद घालायचे, तिथेच सरकारचे मिनिस्टर घालू लागले. बाहेर अंगणात जॉन नॉक्सचा, म्हणजे स्कॉटलंडमध्ये प्रोटेस्टंट चर्च रुजवणाऱ्या धर्मसुधारकाचा, पुतळा हात उगारून उभा आहे. त्याला कोणते मिनिस्टर बरे वाटले असते, हे सांगायला नको.

घोळ इथेच संपत नाही. स्कॉटिश सरकारात वरिष्ठ मंत्र्याला कॅबिनेट सेक्रेटरी म्हणतात आणि मिनिस्टर त्याच्या हाताखाली असतो. दिल्लीत कॅबिनेट सेक्रेटरी म्हणजे सगळ्या बाबूंचा मुकुटमणी. मुंबईत आपण उलटं केलं. १९७५ मध्ये सचिवालयाचं मंत्रालय झालं. पाटी बदलली, फाइल कुणाच्या टेबलावर अडते ते ज्याचं त्याला ठाऊक.

हे सगळं आठवायचं कारण आमचा दादा. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्रिपदांची घोषणा झाली आणि लगेच त्यांना स्थगिती मिळाली, तेव्हा त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "मिनिस्टर म्हणजे सेवक, आणि हे पालक व्हायला भांडतात! शब्दच बदला." मला शब्द बदलण्याचा हा सोस पटत नाही. पंतप्रधानांनी २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी स्वतःला प्रधान सेवक म्हणवून घेतलं. त्याने तालुक्याच्या कचेरीतली रांग हलली का? इंग्रजी शब्दाच्या पोटात तर दोन हजार वर्षं नोकर बसलेलाच आहे, त्याने तरी कुणाचं काय अडलं?

शिवाय आपला 'मंत्री' वेगळ्या घरचा. मंत्र म्हणजे मसलत, गुप्त सल्ला. तोच मंत्र पोथीतलाही, म्हणून मंत्री आणि मांत्रिक चुलतभाऊ लागतात. (काही मंत्र्यांकडे पाहून ही सोयरीक लगेच पटते.) शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री वेगळा आणि धर्माचं पाहणारा पंडितराव वेगळा होता. उलट मध्य प्रदेश सरकारने एप्रिल २०१८ मध्ये पाच धर्मगुरूंना राज्यमंत्र्याचा दर्जा दिला, म्हणजे इंग्रजीतले दोन्ही मिनिस्टर एकाच माणसात बसवले. कप विसळण्याचं काम यातल्या कुठल्या मिनिस्टरकडे, ते जाहीर झालं नाही.

मला फरक दिसतो तो नेमणुकीत. इथल्या चर्चला मिनिस्टर हवा असेल तर मंडळींतलीच एक समिती शोधाशोध करून एकच नाव पुढे आणते. तो माणूस रविवारी येऊन प्रवचन देतो आणि मग सगळे गुप्त मतदान करतात. हो किंवा नाही. ज्यांनी मत दिलं त्यांच्याच घरी पुढे त्याला मयताला जायचं असतं, त्यामुळे पालक होण्याची ऐट परवडत नाही.

सरकारी मिनिस्टरांचं मात्र इथलं मला फार कौतुक नाही. लोकप्रतिनिधी लोकांना भेटायला बसतो त्याला इथे 'सर्जरी' म्हणतात, आणि ती मिळवायला खरोखर डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसारखी चिकाटी लागते. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल मी ईमेल केला तर तीन आठवड्यांनी "आपला अभिप्राय मोलाचा आहे" एवढं उत्तर आलं. आपल्याकडे आमचे काका पाण्याच्या टाकीचा अर्ज घेऊन सकाळी सातला मंत्र्यांच्या बंगल्यावर गेले होते. दोन तास ताटकळले, पण अर्ज मंत्र्यांच्या हातात दिला आणि त्यावर शेरा मारून घेतला. टाकी झाली पुढे चार वर्षांनी. पण शेरा त्याच दिवशी मिळाला, आणि हे काका अजून सांगतात.

कप विसळणारे मिनिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटी तीन चर्च एकट्याकडे होती. रविवारी एका ठिकाणचं उरकून दुसरीकडे पळायचे. त्यांच्या जागी यायला अजून कुणी तयार नाही. चर्चच्या फळ्यावर 'मिनिस्टर पाहिजेत' अशा अर्थाचा कागद लागलाय, पावसाने कडा वळलेला. त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "इकडे दे पाठवून. रांग लागेल."